घरातले इंग्रजी आणि हाती घ्यायचे पुस्तक

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्यापासून जवळच, बालाघाटाच्या कुशीत वसलेले कपिलधार लोकांना दोन गोष्टींसाठी माहीत आहे : पावसाळ्यातला धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातून भाविक येतात, कित्येक जण दिंडीबरोबर पायी. मुलांना घरी इंग्रजी शिकवण्यासाठी पुस्तके कशी निवडावीत, या विषयाची प्रस्तावना अशा ठिकाणापासून सुरू व्हावी याचे काहींना नवल वाटेल. पण घरात मोठ्याने वाचण्याची आणि ते ऐकत मोठे होण्याची रीत इथे जितकी मुरलेली आहे, तितकी शहरातल्या फ्लॅटमध्ये क्वचितच सापडेल. मन्मथस्वामींचा ‘परमरहस्य’ हा ओवीबद्ध ग्रंथ वीरशैव घरांत आजही पारायणाला लागतो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. ऐकणाऱ्यांत लेकरेही असतात. त्यांना सगळे कळत नाही आणि कळलेच पाहिजे असा हट्टही कुणी धरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच पोथी लागते. दोन-चार वर्षांत पोराला पुढची ओवी आधीच तोंडावर येते, आणि एखाद्या संध्याकाळी वाचणाऱ्याचा घसा बसला म्हणून पोथी त्याच्यापुढे सरकवली जाते.

१९७० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये डॉन होल्डवे या शिक्षकाने वर्गासाठी जी पद्धत मांडली, ती जवळपास हीच. मोठ्या आकाराचे एक पुस्तक, भोवती मुले, शिक्षक बोट फिरवत मोठ्याने वाचतो, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, आणि मुले हळूहळू त्यात आवाज मिसळतात. ‘सहवाचन’ म्हणून ही पद्धत पुढे जगभर गेली. आपल्याकडे ती देवघरात होती, इंग्रजीच्या पुस्तकापर्यंत मात्र पोचली नाही. इंग्रजीचे पुस्तक उघडले की आपण शिकवायला बसतो : अर्थ सांग, पाठ कर, दहा वेळा लिही.

या विषयावर मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. घरी इंग्रजी शिकवायचे पुस्तक फक्त मुलाकडे बघून निवडू नये. ते वाचणारा आणि ऐकणारा अशा जोडीसाठी निवडावे. घरात संध्याकाळी मुलाजवळ कोण बसणार आहे, त्या माणसाला किती इंग्रजी येते आणि त्याला कुठे अडखळायला होते, हा पहिला प्रश्न. मुलाची इयत्ता, पुस्तकावर छापलेला वयोगट, प्रकाशकाचे नाव, हे सगळे त्यानंतर.

आता ही जोडी या भागात कशी घडली ते पाहू. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही माध्यम उर्दूच ठेवले होते. घरी एक भाषा, पोथीत तिचे जुने रूप आणि शाळा-कचेरीत तिसरीच, अशी सवय इथल्या पणजोबांच्या पिढीला होती. पुढे मराठी माध्यम आले आणि इंग्रजी पाचवीपासून. मग जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्या निर्णयावर तेव्हा भरपूर वाद झाला; तो इथे उकरण्याचे कारण नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की २००० साली पहिलीत बसलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. त्यांनी दहा वर्षे इंग्रजी हा विषय घेतला, दहावीला त्यात उत्तीर्णही झाले. दुकानाची पाटी, औषधाचे नाव, मोबाइलवरचा संदेश ते वाचतात. सलग परिच्छेद समोर आला की मात्र थबकतात, आणि मुलासमोर थबकायची त्यांना लाज वाटते. आपला वाचणारा तो हा. त्याला काहीच येत नाही असे धरून चालणे चूक आहे. त्याला सगळे येते असे धरून पुस्तके छापणे ही तितकीच मोठी चूक.

हा वाचणारा बीडला पुस्तकांच्या दुकानात गेला की काय घेऊन येतो? बहुतेक वेळा एक जाडजूड शब्दकोश, एक तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी बोलायला लावणारे पुस्तक, आणि कुणी जाणत्याने सुचवले असेल तर रेन अँड मार्टिनचे व्याकरण. यांतले शेवटचे पुस्तक वाईट आहे असे कोण म्हणेल? १९३० च्या दशकात निघालेले ते पुस्तक अजून विकले जाते, त्याला कारणे आहेत. पण आठ वर्षांच्या मुलाच्या हाती ते देणे म्हणजे त्याला इंग्रजीपासून लांब ठेवण्याची खात्रीची सोय. जत्रेतल्या दुकानांतून मिळणारे रंगीत तक्ते आणि अंकलिपीच्या मागच्या पानावरची एबीसीडी यांचे वेगळेच आहे. त्यांत ए म्हटले की सफरचंद. ज्या डोंगरात सीताफळे लगडतात, ज्या जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिथल्या मुलाने इंग्रजीचे पहिले अक्षर सफरचंदावरच का शिकावे, हा रास्त प्रश्न आहे. पण तक्त्यांची खरी अडचण त्याहून खोल आहे.

इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जे. मॅक्नॅली आणि विल्यम मरे यांनी वाचनात कोणते शब्द किती वेळा येतात ते मोजले. अवघे बारा शब्द साध्या इंग्रजी मजकुराचा सुमारे चौथा भाग व्यापतात असे त्यांना आढळले : अ, अँड, ही, आय, इन, इज, इट, ऑफ, दॅट, द, टू, वॉज. शंभर शब्दांत निम्मा मजकूर येतो, तीनशेत जवळजवळ पाऊण. याच मोजणीवर मरेने लेडीबर्डची पीटर आणि जेनची पुस्तके रचली. १९६४ पासून ती निघू लागली. आता हे बारा शब्द पुन्हा वाचा. यांतल्या एकाचेही चित्र काढता येत नाही. तक्त्यावर गाय, घर, घड्याळ दाखवता येते. ‘ऑफ’ कसे दाखवणार? शिवाय ‘अ’ आणि ‘द’ यांच्या तोडीचे मराठीत काहीच नाही, त्यामुळे ते कुठे लावायचे आणि कुठे नाही हे नियम सांगून मुलाला कळत नाही, मोठ्यांनाही फारसे कळत नाही. ते कानाला कळते. त्यासाठी वाक्य लागते, तेच वाक्य थोडे बदलून पुन्हा लागते, आणि ते पुन्हा ऐकावेसे वाटेल अशी गोष्ट लागते. चित्रांच्या पुस्तकाची गरज इथे आहे. तक्ता नावे देतो. नावांना जोडणारी भाषा पुस्तकातच मिळते.

लेडीबर्डची ती मालिका मात्र मी आपल्या मुलांसाठी पहिली निवड म्हणून सुचवणार नाही. शब्द मोजून बसवलेले असल्याने गोष्ट पातळ झाली आहे, आणि पीटर-जेनच्या घरातले आपल्याला ओळखीचे काही नाही. मोजूनही गोष्ट रंगवता येते हे अमेरिकेत डॉक्टर स्यूसने १९५७ मध्ये ‘द कॅट इन द हॅट’मध्ये दाखवले. त्या पुस्तकात वेगवेगळे शब्द फक्त २३६ आहेत. पण वाचणाऱ्याला यमकांचा ठेका सापडला नाही तर तेही कोसळते, म्हणून जोडी थोडी सरावल्यावर ते घ्यावे.

एक पान जवळून पाहू. समजा चित्रात पत्र्याचा गोठा आहे आणि पत्र्यावर शेळी चढली आहे. खाली एक ओळ : ‘द गोट इज ऑन द रूफ.’ पुढच्या पानावर शेळीच्या पाठीवर कोंबडी : ‘द हेन इज ऑन द गोट.’ त्यापुढच्या पानावर काय असेल ते पोरगे पान उलटायच्या आधीच ओरडून सांगते, मराठीत : “कोंबडीवर पिल्लू!” आईने इथे थांबवून “इंग्रजीत सांग” म्हणायचे नाही. तिने पान उलटायचे आणि म्हणायचे, “येस, द चिक इज ऑन द हेन.” मुलाचे मराठी वाक्य बरोबर होते, त्याला इंग्रजी वाक्याने उत्तर मिळाले, आणि तेही गोष्टीच्या ओघात. आईला यासाठी लागलेले इंग्रजी किती? चार नावे आणि एक साचा. आता शेजारी गाइडचे पान ठेवा : डाव्या बाजूला पंचवीस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला पंचवीस अर्थ. ते पान वाचायलाही आईला तितकेच इंग्रजी लागते, पण त्यावर बोलता काहीच येत नाही.

म्हणून पुस्तक निवडताना मुखपृष्ठ सोडा आणि मधले कोणतेही पान उघडा. चित्र झाकले तर ओळ कळत नाही आणि चित्र दिसले की कळते, असे आहे का? असेल तर उत्तम. एका पानावर आलेले वाक्य पुढे किंचित बदलून परत येते का? मोठ्याने वाचताना तुमची जीभ अडखळते का? दोनदा अडखळली तर ते पुस्तक तुमच्या जोडीसाठी अजून वर्षभर लवकर आहे. मूल कितीही हुशार असू दे. एकट्याने वाचायच्या पुस्तकासाठी शिक्षकांमध्ये पाच बोटांचा नियम चालतो : पानावरच्या प्रत्येक अनोळखी शब्दाला एक बोट मिटायचे, मूठ वळली तर पुस्तक अवघड. तो नियम एकट्याच्या वाचनाला ठीक. बरोबर बसून वाचायच्या पुस्तकाला थोडी सूट द्यावी, कारण तिथे आधाराला चित्र आहे आणि शेजारी माणूस आहे.

हे सगळे नुसते अनुभवाचे बोल नाहीत. आपल्याच उपखंडात, ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे प्राचार्य होते. बंगालमधली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही काही वाचू शकत नाहीत हे पाहून त्यांनी पाठ्यपुस्तकेच तपासली. एका पानावर नवे शब्द फार, त्यांतले अर्धे जुनाट, आणि एकदा आलेला शब्द पुन्हा भेटत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९२६ साली त्यांचा द्विभाषिकतेवरचा अहवाल निघाला आणि त्यापाठोपाठ नव्या पद्धतीची वाचनपुस्तके. नवा शब्द विरळ पेरायचा, आणि पेरलेला पुन्हा पुन्हा भेटवायचा. आज जगात जी पायरीपायरीची वाचनपुस्तके आहेत, त्यांच्या पूर्वजांत हे ढाक्याचे काम मोजावे लागते. आपल्याकडे त्यांचे नाव बीएडच्या प्रश्नपत्रिकेपुरते उरले आहे.

दुसरा दाखला फिजीचा. १९८० मध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी तिथल्या खेड्यांतल्या शाळांत एक प्रयोग केला. मुलांच्या घरी फिजियन किंवा तिथली हिंदी, गिरमिटिया म्हणून गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांची. चौथी-पाचवीच्या वर्गांना चांगल्या इंग्रजी गोष्टींची अडीचशे पुस्तके दिली आणि रोज थोडा वेळ त्यांच्या वाचनासाठी ठेवला. बाकीच्या वर्गांनी नेहमीचे पाठ्यक्रमाचे पुस्तक चालू ठेवले. पहिल्याच वर्षात गोष्टी वाचणारी मुले वाचनात आणि ऐकून समजण्यात नेहमीच्या दुप्पट वेगाने पुढे गेली. दुसऱ्या वर्षी व्याकरण आणि लेखनातही फरक दिसला, आणि तो व्याकरण न शिकवता. बीडच्या घरात अडीचशे पुस्तके कुठून येणार, हा प्रश्न लगेच पडेल. त्याकडे शेवटी येतो.

त्याआधी मराठीबद्दल. कॅनडातले जिम कमिन्स १९७९ पासून सांगत आले आहेत की एका भाषेत कमावलेली वाचनाची ताकद दुसऱ्या भाषेत कामी येते. गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, न कळलेला शब्द मागेपुढे पाहून सोडवणे, ही कौशल्ये मुलाने घरच्या भाषेत मिळवली की इंग्रजीत ती नव्याने मिळवावी लागत नाहीत. म्हणून घरी इंग्रजी शिकवायचे असेल त्यांनी पहिली खरेदी चांगल्या मराठी चित्रपुस्तकांची करावी. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके त्यात आधी घ्यावीत. २०१४ मध्ये साहित्य अकादमीने बालसाहित्याचा पुरस्कार देऊन त्यांच्या कामाची दखल घेतली. ज्या घरात मराठी पुस्तक फाटेपर्यंत वाचले गेले आहे, तिथे इंग्रजी पुस्तकासाठी मुलाला फार समजवावे लागत नाही.

मग इंग्रजी कोणती? चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची द्विभाषिक चित्रपुस्तके पाहावीत. त्यांत एकाच पानावर दोन्ही भाषा असतात आणि माणसे, झाडे, घरे आपल्याकडची असतात. मराठी-इंग्रजी जोडीही त्यांत मिळते. अशी पुस्तके वाचताना एक पथ्य पाळावे. एका बैठकीत एकच भाषा वाचावी. ओळीमागून ओळ भाषांतर करत गेले की मूल इंग्रजी ओळ कानाआड करते, कारण मराठी येणारच आहे हे त्याला ठाऊक असते. प्रथम बुक्सची छोटी पुस्तके स्वस्त आहेत, आणि त्यांच्याच स्टोरीवीव्हर या खुल्या संग्रहात २०१५ पासून तीच गोष्ट, तीच चित्रे, वेगवेगळ्या भाषांत मोफत मिळतात. चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीची गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत संपते. संग्रह खुला असल्याने त्यात गाळही आहे. भाषांतर कधी कधी इतके कोरडे असते की मोठ्याने वाचताच लक्षात येते. निवडून घ्यावे. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट यांची जुनी पुस्तके छपाईला साधी वाटतील, किमतीला परवडतील आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यांत खरी रत्ने आहेत. आणि बालभारतीचे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक? ते दप्तरात आधीच आहे, फुकट आहे, आणि घरी त्याची किंमत कुणी करत नाही. त्यातली चित्रे आणि गाणी परीक्षेशिवाय एकदा वाचून पाहावीत.

इंग्रजी ओळीखाली देवनागरीत उच्चार छापलेली पुस्तके बाजारात भरपूर आहेत. मी त्यांच्या विरोधात आहे, पण अर्धाच. मुलाच्या पानावर देवनागरी आली की डोळा इंग्रजी ओळीवर ठरतच नाही. बाराखडी पक्की झालेल्या मुलाला सोपी वाट कोणती ते लगेच कळते. मोठ्यांचे तसे नाही. एखादा शब्द कसा म्हणायचा याची धास्ती वाचणाऱ्याला असेल, तर त्याने आदल्या रात्री तो वेगळ्या कागदावर देवनागरीत लिहून घ्यावा, पुटपुटत म्हणून पाहावा आणि कागद पुस्तकात ठेवू नये. उच्चार अगदी साहेबासारखा हवा, हा हट्टही सोडावा. व आणि व्ह यांतला फरक मुलाला पुढे कुठेतरी कळेल. आईचा आवाज आत्ताच हवा आहे.

या जिल्ह्यात ‘घरी’ या शब्दाचा अर्थ मात्र वर्षभर सारखा राहत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, जातात, काही गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवून आजीजवळ राहतात. पुस्तक निवडीचा विचार या दोन्ही घरांसाठी करायचा तर प्रश्न बदलतात. कोपीवर जाणारे पुस्तक सोळा पानांचे, शिवलेले, पातळ असावे. भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यात दाबले तरी टिकावे. दिवसभर फडात राबलेल्या माणसाकडून रोज वाचनाची अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे, म्हणून मोबाइलवर ऐकता येणारी गोष्ट तिथे जास्त उपयोगी. आजीकडे राहणाऱ्या मुलासाठी मी बिनशब्दांचे चित्रपुस्तक सुचवीन. आजीला इंग्रजी येत नसेल, कदाचित मराठीही वाचता येत नसेल, पण चित्रांवरून गोष्ट सांगण्यात तिच्यासमोर कुणी टिकणार नाही. ती मराठीत सांगेल. शाळेत शिकलेला गोट, हेन, रूफ नातू मध्ये घालेल. ही जोडीही पुरी आहे. तिला पुस्तक न देणे हा आपल्या नियोजनातला दोष आहे, आजीच्या निरक्षरतेचा नाही.

व्याकरणाबद्दल थोडक्यात. मूल स्वतः एक लहान इंग्रजी गोष्ट पुरी वाचू लागले, साधारण दहा-अकराव्या वर्षाच्या सुमारास, की मग व्याकरण यावे. तेव्हा जुन्या तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाला’कडेही हसू नये. कित्येक मराठी पिढ्या त्यावर इंग्रजी शिकल्या, आणि मराठी वाक्यापासून इंग्रजी वाक्याकडे जाण्याची जी शिस्त त्यात आहे ती आजच्या रंगीत वर्कबुकांत नाही. फक्त ते पहिले पुस्तक होऊ नये.

आता अडीचशे पुस्तकांकडे. कोणत्याही एका घराला ती विकत घेणे शक्य नाही आणि घ्यावीही लागत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत शासनमान्य ग्रंथालये गावोगाव अनुदानावर चालतात. त्यांच्या बालविभागात स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि थोरांची चरित्रे भरपूर असतात, इंग्रजी चित्रपुस्तके जवळजवळ नसतात. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर आपल्यापैकी कुणी असेल, तर पुढच्या ग्रंथखरेदीच्या यादीत पहिल्या दोन पायऱ्यांची पन्नास पातळ चित्रपुस्तके घालावीत, त्यांतली निम्मी मराठी असावीत, आणि ती कुलुपाच्या कपाटात न ठेवता घरी न्यायला द्यावीत. फाटली तर फाटू द्यावीत. पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावीत.